मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन: घरच्यांनी कामं कशी वाटून घ्यावीत

एमआरआयच्या रिपोर्टात ‘स्पेस ऑक्युपाइंग लीजन’ (मेंदूत जागा व्यापणारी गाठ) हे शब्द दिसले की घरातले सगळे फोन एकदम सुरू होतात. मालेगावचे काका, पुण्याची मावसबहीण, कोपऱ्यावरचे मेडिकलवाले. प्रत्येकाच्या ओळखीत एक डॉक्टर असतो आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. बोलतात सगळे मायेनंच, पण संध्याकाळपर्यंत पेशंटच्या बायकोला काय करायचं तेच सुचेनासं होतं. ऑपरेशन सर्जन करणार आहेत. घरच्यांच्या वाट्याला जी कामं येतात ती नावानिशी वाटून घेतली, तर बराचसा गोंधळ सुरू होण्याआधीच मिटतो. आमच्या दिरांच्या वेळी घरात हे असंच चाललं होतं, म्हणून खात्रीनं सांगते.

आधी माणसं नेमा

एकानं फाइल सांभाळायची. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावायचे, एमआरआयची सीडी पाकिटात, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, चालू औषधांची यादी. फाइलमधला मूळ कागद कोणालाही द्यायचा नाही. मागेल त्याला मोबाइलवर फोटो पाठवायचा.

डॉक्टरांशी एकानंच बोलायचं, तेही वही घेऊन. चार जण राउंडच्या वेळी चार प्रश्न विचारतात तेव्हा एकाचंही उत्तर कोणाच्या लक्षात राहत नाही. नातेवाइकांना रोज संध्याकाळी एक मेसेज जाईल असं सांगून टाका, म्हणजे दिवसभर फोन उचलत बसावं लागत नाही.

रात्री थांबणारा माणूस तिसरा. तो दिवसा झोपला पाहिजे, त्याला कोणी कामाला लावू नये. आणि चौथं काम घरचं: मुलांची शाळा, म्हाताऱ्या माणसांची औषधं, डबा. याची कोणी दखल घेत नाही, पण हे नीट चाललं नाही तर दवाखान्यातल्या माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

गाठ म्हणजे कॅन्सरच, असं धरून बसू नका. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून येतो आणि बहुतेक वेळा साधा, म्हणजे कॅन्सर नसलेला, असतो. पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठी अनेकदा नाकातून दुर्बिणीनं काढतात, कवटी उघडावीच लागत नाही. ग्लायोमा मेंदूच्या आतल्या पेशींतून येतो. त्याची ग्रेड 1 ते 4 अशी ठरते आणि पुढचे उपचार बरेचसे त्यावर अवलंबून असतात. नुसत्या एमआरआयवरून डॉक्टर अंदाज सांगतात. नक्की काय ते बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा लॅबमध्ये तपासल्याच्या, रिपोर्टावरच कळतं.

वहीत हे प्रश्न लिहून न्या: गाठ कुठल्या बाजूला आहे आणि तिथून शरीराचं कोणतं काम चालतं? पूर्ण निघेल की थोडी ठेवावी लागेल? बोलणं, नजर, हात-पाय यांपैकी कशाला धोका आहे? थांबलो तर काय होईल? गाठ बोलण्याच्या केंद्राजवळ असेल तर कधी कधी पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत ऑपरेशन करतात. ऐकून घरचे घाबरतात, पण बोलणं वाचावं यासाठीच ते असतं.

नाशिक की मुंबई, आणि पैशाचं काय

पेशंट नाशिक भागातला असेल तर नाशिकमध्येही मेंदूची ऑपरेशनं होतात. शालिमारजवळ सरकारी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खासगी न्यूरोसर्जनही आहेत. मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही आणि आला तर येऊ द्या. मात्र पेशंटला गाडीत घालून कसारा घाट उतरायच्या आधी चौकशी करा. पुष्कळदा सीडी आणि फाइल घेऊन एकच माणूस पंचवटी एक्सप्रेसनं जाऊन विचारून येऊ शकतो. पेशंटला सतत उलट्या होत असतील, झोप उतरतच नसेल, तर मात्र आधी जवळच्या दवाखान्यात दाखल करा, मतं नंतर.

माझं मत सांगायचं तर, साध्या गाठीसाठी अनुभवी सर्जन गावातच मिळत असेल तर घराजवळ असण्याचा फायदा फार मोठा असतो. मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना विचारा.

ॲडव्हान्स भरण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचा, काउंटर असतो. 155388 वरही विचारता येतं. वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला मंजुरी आधी लागते. पैसे भरून झाल्यावर काउंटरवर गेलात तर हाती फारसं लागत नाही. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात. समाजसेवा अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसचे कागद दाखल व्हायच्या आधीच टीपीए डेस्कवर (रुग्णालयातल्या विम्याच्या काउंटरवर) द्या.

ऑपरेशनच्या आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शुगर-बीपीची औषधं, कोणी वैद्यांकडून आणलेली चूर्णं, सगळं भूलतज्ज्ञांना सांगायचं. लपवायचं काही नाही, तंबाखूसुद्धा. रक्ताची सोय करायला सांगतील. दाते आधी ठरवून ठेवा. केस काढणार का, किती, हे पेशंटला, विशेषतः बाईमाणसाला, आधी सांगा. ऐन वेळी वस्तरा दिसला की धीर सुटतो. बँकेचे, शेतीचे, सहीचे विषय असतील तर तेही याच दिवसांत शांतपणे उरकून घ्या.

ऑपरेशनचा दिवस आणि आयसीयू

चार तास सांगितले आणि आठ लागले तरी त्याचा अर्थ काही बिघडलं असा नसतो; भूल देणं, डोकं स्थिर बसवणं, शेवटी टाके यातच बराच वेळ जातो. दाराशी दोघांनीच थांबा.

आयसीयूत सिस्टर सारखं उठवून नाव विचारतात, डोळ्यांत बॅटरी मारतात, हात दाबायला सांगतात. ‘झोपू तरी द्या बिचाऱ्याला’ म्हणून भांडू नका. आत रक्तस्राव किंवा सूज वाढली तर ती अशाच तपासणीत आधी लक्षात येते. डोळ्याभोवती सूज येऊन डोळा मिटलेला दिसतो, ती बहुतेक काही दिवसांत उतरते. पेशंट बरळतो, माणसं ओळखत नाही, हेही काही काळ होऊ शकतं. मुलांना त्या अवस्थेत भेटायला नेऊ नका.

घरी आल्यावर: खरी परीक्षा इथे

डिस्चार्जच्या दिवशी औषधांचा कागद सिस्टरकडून समजावून घ्या. मेंदूची सूज उतरायला डेक्सामिथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्यानं भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते, शुगर चढते. बरं वाटलं म्हणून ती गोळी मनानं बंद करायची नाही. डोस हळूहळू उतरवावा लागतो. फीट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीचंही तसंच, एक वेळही चुकवायची नाही. भिंतीवर तक्ता लावा आणि गोळी दिली की खूण करा.

तरीही फीट आलीच तर घड्याळ बघा. पेशंटला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर 108 ला फोन करा. घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांनाही, हे एकदा करून दाखवा.

बाथरूमची कडी आतून लावायची नाही. गच्ची, विहीर, गॅस यांच्याजवळ एकट्यानं जायचं नाही. गाडी डॉक्टर सांगेपर्यंत बंद. सातपूरला पोरगा रोज बाइकनंच कामावर जायचा, हे कारण चालत नाही.

टाक्यांवर तेल, हळद काही नको. वणीच्या देवीचा अंगारा कोणी आणला तर उशाशी ठेवा, जखमेला लावू नका. जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव आला, ताप आला, मान ताठ झाली, झोप वाढत गेली, डोकेदुखी आणि उलट्या परतल्या, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

सगळ्यात जड जातो तो स्वभावातला बदल. मेंदूच्या पुढच्या भागात ऑपरेशन झालं असेल तर शांत माणूस शिव्या देतो, नाहीतर दिवसभर एका जागी बसून राहतो. बायकोला वाटतं आपल्यावर राग आहे. तो राग नसतो, आळसही नसतो. ते आजाराचंच लक्षण आहे आणि डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. शब्द सापडत नसतील तर ‘काय खाणार?’ असं न विचारता ‘खिचडी देऊ?’ असं हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. वाक्य तोडून स्वतः पूर्ण करू नका, थोडं थांबा. उजव्या बाजूच्या ऑपरेशननंतर कधी कधी डाव्या बाजूचं भानच राहत नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच उरते. अशा वेळी ताट फिरवून द्या, ओरडू नका. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लवकर सुरू झालेली बरी.

आता भेटायला येणारे. आपल्याकडे आजारी माणसाला न भेटणं म्हणजे संबंध तुटणं. पण मेंदूच्या ऑपरेशननंतरचा थकवा विश्रांतीनंही लवकर जात नाही आणि चार माणसं एकदम बोलली की पेशंटचं डोकं ठणकतं. वेळ ठरवा, संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी दोघं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे वाक्य घरातल्या सर्वांनी पाठ करावं. येतो म्हणणाऱ्याला काम द्या: मंगळवारी फिजिओला घेऊन जा, गुरुवारी रात्री थांब, लाइट बिल भर. बहुतेकांना असं नेमकं सांगितलेलं आवडतं.

रिपोर्ट आणि पुढचे उपचार

बायोप्सीचा रिपोर्ट यायला साधारण एक-दोन आठवडे जातात, जनुकीय तपासण्या असतील तर आणखी. लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या; मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखवायचं तर ते लागतात, आणि ब्लॉक उन्हात ठेवायचे नाहीत.

रेडिएशन लागलंच, तर ग्लायोब्लास्टोमासारख्या (ग्रेड 4 च्या) गाठीत नेहमीचा क्रम आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, असा असतो; सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या. निफाड-कळवणहून रोज एसटीनं येणं पेशंटला झेपत नाही. तेवढ्या काळासाठी नाशिकला सिडकोत किंवा पंचवटीत नातेवाइकांकडे राहायची सोय करा आणि त्यांना घरखर्चाला हातभार लावा. गाठ साधी निघाली तरी पुढची एमआरआय ठरल्या तारखेला करायची. शक्यतो त्याच सेंटरवर करा, जुनी सीडी सोबत न्या, आणि वही ज्याच्याकडे आहे त्यालाच पाठवा.