अर्धशिशीचा खर्च कसा आवरावा: घरच्या हिशेबापासून प्रतिबंधक गोळीपर्यंत

डॉक्टरांनी अर्धशिशीसाठी रोज घ्यायची गोळी लिहून दिली की फार्मसीत पहिला प्रश्न येतो, "महिन्याला किती पडणार?" प्रश्न रास्त आहे. पण गोळी न घेता जो खर्च चालूच असतो, त्याचा आकडा बहुतेक घरांत कोणी मांडलेलाच नसतो. बुडालेली रोजंदारी, सुट्या गोळ्या, रात्रीचे इंजेक्शन हे सगळे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खिशांतून जाते आणि म्हणून जाणवत नाही. गोव्यातल्या फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून मी हे रोज पाहते. माझे ठाम मत आहे की वेळेवर सुरू केलेले प्रतिबंधक औषध, म्हणजे दुखणे मुळात कमी यावे म्हणून रोज घ्यायची गोळी, बहुतेकांना स्वस्तच पडते. ते स्वतःच्या आकड्यांवर कसे ताडून पाहायचे आणि पुढे काय करायचे, ते सांगते.

पहिले काम: महिनाभर कॅलेंडरवर नोंद

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतेच. ज्या चौकोनात दुधाचा खाडा लिहिता, तिथेच लाल पेनाने दोन-तीन अक्षरे टाका. डोके दुखले तर 'ड'. दुखण्याची गोळी घेतली तर 'ग', आणि किती घेतल्या तो आकडा. कामावर जाता आले नाही तर 'र'. कामावर गेलात पण अर्धा दिवस डोळे मिटून काढलात, तर 'र' भोवती गोल. घरी राहणाऱ्या बाईनेही 'र' लिहावाच. तिने अंथरूण धरले की घरात बाहेरचे जेवण येते, मुलांची शिकवणी चुकते, त्याचेही पैसे जातात.

महिनाअखेर बेरीज करा. उदाहरणापुरते आकडे घेऊ: रोज 700 रुपये मिळवणाऱ्या माणसाचे दोन खाडे म्हणजे 1400. सुट्या गोळ्यांचे 200. एका रात्री ओकाऱ्या थांबेनात म्हणून खासगी दवाखान्यात घेतलेले इंजेक्शन आणि जाण्यायेण्याचे पायलटचे (मोटारसायकल टॅक्सीचे) भाडे मिळून 800. झाले 2400. आता याच्याशेजारी प्रतिबंधक गोळीचा आकडा मांडा. प्रोप्रॅनोलॉल किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी जुनी औषधे साध्या कंपनीची घेतली, तर महिन्याचा खर्च साधारण दोन-तीनशे रुपयांच्या आतबाहेर राहतो. जनऔषधी केंद्रात आणखी कमी.

दुसरे काम: 'ग' मोजा

माझ्या मते हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी एक मुलगी बस पकडण्याआधी काउंटरवर यायची. "ताई, डोक्याच्या सुट्या दोन द्या. स्ट्रिप नको." पूर्ण स्ट्रिप घेतली की खर्च जास्त वाटतो म्हणून सुट्या दोन. आधी आठवड्यातून एकदा यायची, मग एक दिवसाआड यायला लागली. डोके दुखेल या भीतीने ती दुखण्याआधीच गोळी घेत होती.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन (दोन्ही चढलेली अर्धशिशी उतरवायची औषधे) किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात. आपल्याकडे अर्धशिशीसाठी सर्रास खपणाऱ्या मिश्र गोळ्यांत अर्गोटामाइन आणि कॅफीन असते, म्हणून मर्यादा 10 दिवसांची धरायची. अर्गोटामाइन घेतल्यापासून 24 तासांच्या आत ट्रिप्टान घ्यायचे नाही, हेही लक्षात ठेवा. 'ग' या आकड्यांच्या जवळ पोचले असतील तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. अशा रुग्णाला आणखी एक नवी वेदनाशामक गोळी घेऊन काही साधत नाही.

महिन्यात चार किंवा अधिक 'ड' असतील, किंवा दिवस कमी असूनही प्रत्येक वेळी अंथरूण धरावे लागत असेल, तर प्रतिबंधक उपचाराची चर्चा करायची वेळ झाली आहे.

तिसरे काम: योग्य दारात जा

आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर. अर्धशिशीचे निदान बोलण्यातून आणि तपासणीतून होते, म्हणून कॅलेंडरचा मोबाईलवर फोटो काढून न्या. तिथून गरज पडली तर म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, आणि मग बांबोळीला गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) न्यूरोलॉजी, म्हणजे मेंदूविकारांची, ओपीडी. गोव्यातल्या रहिवाशांना सरकारी रुग्णालयात तपासणीचे पैसे पडत नाहीत. रहिवासाचा पुरावा बरोबर ठेवा. बांबोळीला दिवस जातो हे खरे. जायचे तर सकाळी लवकर पोचा, नाश्ता करून जा आणि पाण्याची बाटली घ्या, कारण उपाशीपोटी रांगेत उभे राहून तिथेच डोके चढलेले मी पाहिले आहे.

एमआरआयबद्दल. दुखणे ठरावीक अर्धशिशीसारखे असेल आणि डॉक्टरांच्या तपासणीत काही वावगे आढळले नसेल, तर स्कॅनची सहसा गरज नसते. "एकदा करून टाकू, मनाची शंका जाईल" म्हणून हजारो रुपये घालवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, नेमके काय शोधायचे आहे? मात्र क्षणात शिगेला पोचलेले दुखणे, ताप आणि मान आखडणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलताना जीभ अडखळणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणातली नवी डोकेदुखी असेल, तर खर्चाचा हिशेब न करता ताबडतोब रुग्णालय गाठा.

पैशांच्या सोयींविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. 2016 पासूनची गोवा सरकारची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. फार्मसीतून दरमहा घ्यायच्या गोळ्यांचा भार त्या कार्डावर टाकता येत नाही. बहुतेक खासगी आरोग्य विम्यांचेही तसेच. ज्यांना खरा आधार मिळू शकतो, त्यांना तो माहीत नसतो. कारखान्यात किंवा हॉटेलात काम करत असाल, पगार 21,000 पर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर तपासणी आणि औषधे दोन्ही त्या योजनेत बसतात. गोव्यात त्यांचे रुग्णालय मडगावला आहे. शिवाय पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे 70 टक्के भत्ता मिळतो. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात आहे का, आजच पाहा.

चौथे काम: औषध ठरवताना विचारायच्या गोष्टी

सुरुवात जुन्या, स्वस्त औषधांपैकी एकाने होते. त्यांतले कोणते हे डॉक्टर ठरवतील, पण स्वतःची माहिती न लपवता द्या. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढू शकते, मन उदास राहू शकते. टोपिरामेटने हातापायांना मुंग्या येतात, कधी शब्द पटकन आठवत नाहीत. अमिट्रिप्टिलिन रात्री घ्यायचे असते आणि ज्यांची झोप मोडते त्यांना ते बऱ्याचदा मानवते. मूल होऊ शकण्याच्या वयातल्या स्त्रीने व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेटबद्दल आवर्जून बोलावे, कारण दोन्हींनी गर्भाला धोका असतो. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगा. अशा वेळी पक्षाघाताचा धोका वाढतो.

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. त्याच एका ओळीमुळे आम्हाला तुमच्यापुढे स्वस्त पर्याय ठेवता येतो.

पाचवे काम: आठ आठवडे धीर धरा

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडायची, दुसऱ्या डॉक्टरांकडे नवी फी भरायची, तिथे दुसरे औषध, तेही पंधरा दिवस. प्रतिबंधक औषध हळूहळू वाढवून ठरलेल्या डोसवर आणतात आणि त्या डोसवर निदान आठ आठवडे देऊन मगच निकाल लावतात. 'ड'चे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडले म्हणायचे. डोके पूर्ण शांत व्हावे अशी अपेक्षा ठेवली की चांगले चाललेले औषधही फसल्यासारखे वाटते.

या काळात जेवणाची वेळ आणि झोप सांभाळा. चतुर्थीची धावपळ, जत्रेचे जागरण, कडक उपवास, मे महिन्यातले ऊन यांत बरेच जण कोसळतात. उपवासाला निदान पाणी आणि फळे वेळेवर घ्या.

दोन-तीन औषधे नीट देऊनही उपयोग झाला नाही तर

मग महाग पर्याय येतात. महिन्यात 15 किंवा अधिक दिवस दुखणाऱ्या जुनाट अर्धशिशीत बोटॉक्स देतात: कपाळ, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे यांवर 31 ठिकाणी बारीक इंजेक्शने, दर 12 आठवड्यांनी. एका खेपेचा खर्च पाच आकड्यांत जातो. एरेनुमॅबसारखे महिन्याला एकदा घ्यायचे इंजेक्शनही मिळते, त्यालाही दरमहा कित्येक हजार लागतात. कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा: किती खेपांनंतर ठरवायचे, आणि उपयोग नसेल तर कधी थांबायचे? आधीची स्वस्त औषधे पूर्ण डोसवर, पूर्ण वेळ घेतली होती का, हे जुन्या कॅलेंडरांवरून पुन्हा तपासा.

थांबवताना

सहा महिने ते वर्षभर चांगले गेले की डॉक्टर औषध हळूहळू कमी करून पाहतात. स्वतःहून एका दिवसात बंद करू नका, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल. ते अचानक सोडले की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. कमी करत असतानाही कॅलेंडरवरच्या नोंदी चालू ठेवा आणि एका महिन्यात पुन्हा चार 'ड' झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.