फर्नेस सुरू होताना ‘धप्प’ होतंय?

अमेरिकेतल्या घरात तळघरातली गॅस फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) चालू होताना दणका आला, तर बहुतेक वेळा गॅस उशिरा पेटतोय. पहिला बर्नर लगेच पेटतो, पण शेजारच्या बर्नरकडे ज्योत नेणारी फट गंजाच्या भुकटीने बुजलेली असते. तिथे गॅस साठतो आणि एकदम भडकतो. (गॅसचा वास येत असेल तर काहीही न उघडता आधी घराबाहेर पडा.)

आमच्याकडे हेच निघालं. वीज बंद, गॅसचा कॉक पाइपला आडवा. पाव इंची नटड्रायव्हरने बर्नर सोडवले. शेवटच्या दोघांच्या फटीत तांबूस पापुद्रे! मऊ ब्रशने झाडून व्हॅक्यूम मारला. इग्नायटरला (गॅस पेटवणाऱ्या भागाला) बोट लावू नका, तो पटकन तडकतो. जेटच्या (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीच्या) भोकात तार तर मुळीच नको; भोक मोठं झालं की ज्योत बिघडलीच.

जोडल्यावर निळी ज्योत एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरसर जायला हवी. तरीही दणका आला तर गॅसचा दाब मोजायचा, नैसर्गिक गॅसला साधारण ३.५ इंच पाणी (गॅसचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). ते काम मेकॅनिकचं.

फर्नेस चालताना शिट्टी वाजत असेल तर त्याचं कारण मात्र वेगळं. मिनिटभर हवेचा फिल्टर काढून पाहा. शिट्टी थांबली तर तो चोंदलाय.