लहान मुलांना घेऊन भटकंतीला निघताय? या चुका टाळा

पायवाटेच्या पहिल्याच वळणावर माझी चार वर्षांची लेक उकिडवी बसली. ओल्या दगडावरून एक गोगलगाय चालली होती. मी दोन मिनिटं थांबले आणि मग "चल ना, वर याहून छान आहे" म्हणत तिचा हात धरला. ती उठली, पण तिथून पुढे पावलापावलाला कुरकुर सुरू झाली आणि अर्ध्या वाटेवर तिने भोकाड पसरलं. हिला चालायची सवयच नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. आता कळतं की चूक माझी होती. तिची सहल त्या दगडापाशी नुकती सुरू झाली होती आणि मी ती तिथेच मोडली.

मुलांबरोबरच्या बऱ्याच सहली अशाच बिघडतात. आपण आधी ठिकाण ठरवतो, मग अंतर, मग वेळ, आणि त्या वेळापत्रकात मुलाला कोंबतो. मुलाच्या झोपेची आणि भुकेची वेळ आधी धरावी आणि तिच्यात मावेल तेवढीच वाट निवडावी.

मोठ्यांच्या चालीने अंतर मोजणं

डोंगरात चालायला किती वेळ लागेल, याचा एक ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडला होता: ताशी साधारण 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. हा धडधाकट मोठ्या माणसाचा हिशेब आहे. मोबाइलवरचा नकाशा पायी जायला जो वेळ दाखवतो, तोही मोठ्यांच्याच चालीचा असतो. स्वतःच्या पायांनी चालणारं मूल बरोबर असेल तर मी तो वेळ दुप्पट धरते आणि वर एक तास मोकळा ठेवते. तो तास कधीच उरत नाही.

वाट कोणती निवडता, हेही महत्त्वाचं. गोल फिरून येणारी वाट मोठ्यांना आवडते, पण मुलाने अर्ध्यावर बसकण मारली तर पुढे जा नाहीतर मागे, अंतर तेवढंच. गेलो त्याच वाटेने परत येणार असू तर कुठूनही मागे वळता येतं. मागे वळायची वेळ घरूनच ठरवून निघा आणि मूल अजून खेळतंय, हसतंय तेव्हाच वळा. लहान मुलं हळूहळू दमत नाहीत. आत्ता उड्या मारणारं पोर पाच मिनिटांत पार गळून जातं आणि परतीची अख्खी वाट तुमच्या कडेवर येते.

ते मधेच अडून बसलं तर रागावण्याआधी एकेक गोष्ट तपासा. भूक लागली आहे का? तहान? गारठलंय का, उकडतंय का? बुटात खडा गेलाय का, पायमोज्याची घडी रुततेय का? "पाय दुखतात" ही तक्रार खूपदा यातल्याच एखाद्या गोष्टीची असते. थोडा खाऊ द्या, दहा मिनिटं नुसतं बसू द्या आणि मग डोळ्यांना दिसेल एवढंच लक्ष्य द्या: "त्या वाकड्या झाडापर्यंत जाऊ." त्याला सगळ्यांच्या पुढे चालू द्या. पुढारी झालेल्या मुलाचे पाय बरेच कमी दुखतात. "आलंच जवळ" असं खोटं मात्र सांगू नका. दोनदा फसलं की तिसऱ्यांदा ते विश्वास ठेवत नाही, आणि एखाद्या धोक्याच्या जागी "माझं ऐक" म्हणायची वेळ आली की हाच विश्वास लागतो.

पाठीवरचं बाळ तुमच्याएवढंच गरम आहे, असं समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. थंडीची सकाळ होती, चढ लागला होता आणि बाळ पाठीवरच्या फ्रेमच्या कॅरिअरमध्ये होतं. माझ्या पाठीला घामाच्या धारा लागल्या म्हणून मी जाकीट काढलं. बाळ गप्प होतं, मला वाटलं झोपलं असेल. थांब्यावर खाली उतरवून पाहिलं तर पँट गुडघ्यापर्यंत वर सरकलेली आणि पोटऱ्या उघड्या. पायमोजा काढून बोटं तळहातात धरली, तर ती बर्फासारखी गार पडली होती. छातीला हात लावला, तीही नेहमीइतकी ऊबदार नव्हती. त्याला पोटाशी धरून वरून माझं जाकीट गुंडाळलं. बोटांत ऊब यायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण साधं आहे. ओझं वाहणाऱ्याचं अंग तापतं. पाठीवरचं बाळ हलत नाही, त्यामुळे फारशी ऊब तयार होत नाही, आणि वर वारं लागतं. शिवाय दर 1000 मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून थंडीत बाळाला तुमच्याहून एक थर जास्त घाला, पायमोजे गुडघ्यापर्यंतचे घाला आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून हातपाय हलवू द्या. ऊब तपासायची ती मानेमागे किंवा छातीवर, कारण बाळांचे तळहात-तळपाय एरवीही थोडे गारच असतात. उन्हाळ्यात हे उलटं होतं. कापडी कॅरिअरमध्ये दोघांची अंगं चिकटलेली असतात आणि बाळ उकडून निघतं.

फ्रेमचं कॅरिअर बाळ आधाराशिवाय नीट बसायला लागल्यावरच वापरावं, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. कापडी कॅरिअरमध्ये हनुवटी छातीवर टेकलेली नाही ना आणि नाक-तोंड मोकळं आहे ना, हे सतत पाहत राहा. मान पुढे दुमडली की तान्ह्या बाळाचा श्वास कोंडू शकतो.

"तहान लागली की मागेल"

खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा असतो आणि घाम कमी येतो, त्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर तापतं. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट आठवणीने पाजा. बराच वेळ शू झाली नसेल, शू गडद पिवळी असेल किंवा ओठ कोरडे पडले असतील, तर तिथेच सावलीत थांबा. उन्हात रडणाऱ्या मुलापेक्षा अचानक गप्प होऊन मलूल पडलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वेगळं पाणी द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा पाजायचं. ओआरएसचं पाकीट अर्धंमुर्धं अंदाजाने घोळू नका. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळं विरघळवा आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकायची सवय अनेकांना असते. त्याने आतली हवा कोंडते आणि बाळ आणखी तापतं. त्यापेक्षा छत्री लावा. बंद गाडीत तर "दोनच मिनिटं" म्हणूनही मूल ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढतं, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्तीचं घ्या, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे.

पाण्याकाठी "कुणीतरी बघतंयच की"

आठ मोठी माणसं काठावर असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, शांतपणे खाली जातं. गुडघाभर पाणीही त्याला पुरेसं असतं. म्हणून एका वेळी एकाच मोठ्या माणसाने, मोबाइल खिशात ठेवून, हात लांबवला की मूल धरता येईल एवढ्या अंतरावर राहायचं. दमलं की दुसऱ्याला तोंडाने सांगायचं, "आता तू बघ," आणि त्याचं "हो" ऐकल्यावरच नजर काढायची. हवेने फुगवलेल्या दंडपट्ट्या ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल पाण्यात सोडू नका. पोहायचे कपडे निळे-हिरवे नकोत, पाण्याखाली ते दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या.

हरवल्यावर काय करायचं, हे मुलाला न शिकवणं

"माझा हात सोडू नकोस" एवढंच आपण सांगतो. हात सुटल्यावर काय, ते सांगायचं राहून जातं. 1981 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा वाट चुकला आणि शेकडो लोक शोधत असूनही तो जिवंत सापडला नाही. त्यानंतर तिथल्या शोधपथकातल्या माणसांनी मुलांसाठी 'हग अ ट्री', म्हणजे झाडाला मिठी मार, हा उपक्रम सुरू केला. शिकवण एका ओळीची आहे: आपण हरवलोय असं वाटलं की जवळचं झाड धर आणि तिथेच थांब. चालत राहिलेलं मूल शोधाच्या टापूबाहेर जातं, थांबलेलं मूल सापडतं.

याबरोबर गळ्यात शिट्टी द्या आणि तीनदा वाजवायला शिकवा. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. आणखी एक गोष्ट जरूर सांगा: जंगलात अनोळखी माणसं तुझं नाव घेऊन हाका मारत असतील तर ती तुला शोधायला आली आहेत, त्यांना ओ दे. "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" हे घोकलेली मुलं शोधणाऱ्यांनाच घाबरून लपून बसल्याचं घडलेलं आहे. निघताना मुलाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढा. घाबरलेल्या आईवडिलांना शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. मूल दिसेनासं झालं, तर ते शेवटचं दिसलं त्या जागी एकाने थांबायचं आणि बाकीच्यांनी धोक्याच्या जागा, म्हणजे जवळपासचं पाणी आणि रस्ता, आधी धुंडाळायच्या.

घाईत राहून जाणाऱ्या गोष्टी

कोरे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, फोड हमखास येतात. डास-कीटकांचं मलम सनस्क्रीननंतर लावा, मुलाच्या तळहातांना लावू नका आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला तर अजिबात नको. गोचीड चिकटली तर काडीने भाजू नका. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. गाडी लागणं दोन ते बारा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतं, वळणाच्या रस्त्यावर त्यांच्या हातात मोबाइल देऊ नका, खिडकीबाहेर लांब बघायला लावा. वीज चमकल्यावर गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. अशा वेळी झाडाखाली आसरा घ्यायचा नाही, हे झाडाला मिठी मारायला शिकवतानाच मुलाला सांगून ठेवा.

घरी आलात की अंघोळ घालताना कानामागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे गोचीड नाही ना ते पाहा. मग त्याच रात्री सॅक रिकामी करताना काय कमी पडलं ते कागदावर लिहा, सकाळपर्यंत विसरायला होतं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून असा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर "कोरडे पायमोजे, अजून एक जोड" हे चार वेळा आलंय, आणि सगळ्यात खाली लेकीच्या हट्टावरून लिहिलंय: भिंग.