‘पेनी लेन’चा सा कुठे सरकतो?

वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणाऱ्याला नवं गाणं बसवायचं असलं की पहिला प्रश्न ठरलेला: पट्टी कुठली, म्हणजे सा कुठल्या सुरावर? कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, नंतर. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मोबाईलवरून कॉर्डची यादी उतरवून आणतात. बोटं बरोबर पडतात, पण गाणं मधेच वेगळ्या उजेडात का गेलं, हे सांगता येत नाही. ते कळावं म्हणून मी बीटल्सचं १९६७ सालचं ‘पेनी लेन’ घेते. लिव्हरपूलच्या एका रस्त्यावरचं, पॉल मॅकार्टनीचं हे गाणं कानाला सोपं वाटतं आणि वाजवायला बसलं की एकेक गंमत दाखवू लागतं.

आधी सा शोधा. पहिलं कडवं ऐका, थांबवा आणि जिथे आवाज आपसूक विसावतो तो सूर गुणगुणत पेटीवर शोधा. पांढरी सात (सप्तकातली सातवी पांढरी पट्टी) सापडेल, म्हणजे बी मेजर. खात्री करायची तर पाचही काळ्या आणि जोडीला पांढरी तीन व सात, एवढ्याच पट्ट्या दाबत पहिली ओळ वाजवून बघा. चपखल बसते.

आता इअरफोन लावून फक्त बास, म्हणजे सर्वांत खालचा सूर ऐका. तो पायरी-पायरीनं उतरतो. त्याच्यावरच्या कॉर्ड अशा: बी, जी शार्प मायनर, सी शार्प मायनर, एफ शार्प सेव्हन. वहीत नावं लिहिलीत तरी खाली सा, ध, रे, प असंही लिहाच. पट्टी बदलते ती नुसत्या नावांतून दिसत नाही; सा धरून लिहिलं की लगेच दिसते.

दुसरी ओळ तशीच सुरू होते, सा आणि ध. मग रे यायच्या जागी बी मायनर येतो. इथे बहुतेक जण ‘पट्टी बदलली’ असं लिहून मोकळे होतात. तंबोऱ्यावर पांढरी सात लावून ठेवा आणि ऐका: सा जागचा हललेला नाही, शुद्ध गंधार कोमल झाला आहे. पुढे बास शुद्ध धैवतावर, मग कोमल धैवतावर, मग पंचमावर येतो. कॉर्ड आहेत जी शार्प हाफ डिमिनिश्ड, जी मेजर सेव्हन आणि एफ शार्प. हसऱ्या रस्त्यावर ढगाची सावली सरकावी तशी ही जागा आहे. मला सगळ्या गाण्यात हीच सर्वांत आवडते. हे चार कॉर्ड सावकाश, एकेक सूर वेगळा दाबत वाजवा. घाई करू नका.

खरा बदल दुसऱ्या कडव्यानंतर. पहिल्या वेळी एफ शार्पवरून आपण सरळ बीवर परततो. दुसऱ्या वेळी एफ शार्पमागून ई मेजर येतो आणि ध्रुवपद ए मेजरमध्ये, पांढरी सहामध्ये उघडतं. ई हा बीचा मध्यम आणि एचा पंचम. तोच कॉर्ड, पण पुढे ए वाजला की कान त्याला पंचम मानतो आणि सा एक सूर खाली येतो. कुठल्याही गाण्यात पट्टी बदलल्याचा संशय आला की त्याआधीचा कॉर्ड दोन्ही पट्ट्यांत कितवा येतो, ते लिहून बघा.

परतीची वाट एफ शार्प सेव्हनची. त्यातली काळी पाच ए मेजरमध्ये नाहीच, म्हणून ती आली की कान टवकारतात. बीच्या दृष्टीनं ती शुद्ध निषाद, ‘सा’कडे ओढणारी. मधे डेव्हिड मेसन यांचा पिकोलो ट्रम्पेट (लहान, उंच सुराचा ट्रम्पेट) कडव्याच्याच कॉर्डवर वाजतो. तिथे शब्द नाहीत, त्यामुळे आतापर्यंत लिहिलेलं पडताळायला ती जागा उत्तम.

शेवटी ध्रुवपद आधी एमध्ये येतं आणि लगेच पुन्हा बीमध्ये. बियॉन्सेच्या ‘लव्ह ऑन टॉप’मध्ये (२०११) शेवटाकडे पट्टी चार वेळा अर्ध्या-अर्ध्या सुरानं चढते, तिथे चढत राहण्याचाच आनंद आहे. ‘पेनी लेन’ चढतं ते कडव्याच्या मूळ ‘सा’वर, म्हणून उंच जाऊनही गाणं मुक्कामी पोचल्याचं समाधान मिळतं.

हे नातं हाताशी असलं की गायकानं ऐन वेळी पट्टी बदलून मागितली तरी अडत नाही. समजा त्याला पांढरी चार हवी आहे: कडवं पांढरी चारमध्ये, ध्रुवपद काळी दोनमध्ये, जोडणारा कॉर्ड काळी पाचवरचा मेजर, आणि शेवटचं ध्रुवपद पुन्हा पांढरी चारमध्ये.