सात दिवसांत सात किलो? वजन उतरवायला निघालात तर या चुका टाळा

नाशिकमध्ये मी गेली अठरा वर्षं आहारसल्ला देते. दिवाळी संपली की गर्दी वाढते, आणि मग लग्नाच्या तिथ्या जवळ आल्या की पुन्हा वाढते. माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, महिन्याभरात किती उतरेल?" उतरलेलं वजन पुढे वर्षभर टिकवायचं कसं, हे विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. त्याच त्या चुका बघून आता जीव तुटतो, कारण त्यांची किंमत शेवटी तब्येतीनं चुकवावी लागते. म्हणून एकदा सगळ्या लिहून काढते आहे.

पहिल्या आठवड्याचा काटा खरा मानणं

"सात दिवसांत सात किलो" ही जाहिरात रिक्षांच्या मागे, विजेच्या खांबांवर सगळीकडे दिसते. तिचा हिशेब एकदा मांडून बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. सात किलोच्या झाल्या जवळपास ५४,०००. नोकरी आणि घरकाम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या बाईचं शरीर दिवसाला १८०० ते २००० कॅलरी खर्च करतं. म्हणजे तिनं पूर्ण आठवडा नुसत्या पाण्यावर काढला तरी वजाबाकी १४,००० च्या वर जात नाही. दोन किलो चरबीसुद्धा त्यात बसत नाही.

मग काटा चार किलो खाली कसा येतो? ते पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा साठा करून ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात एकदम बंद केला की हा साठा उतरतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. खाणं कमी म्हणून मीठही कमी जातं, त्यामुळे आणखी थोडं पाणी सुटतं. आतडीही रिकामी असतात. नंतर दोन दिवस नेहमीचं जेवलात की हे सगळं परत भरतं आणि माणूस म्हणतो, "मला हवा खाल्ली तरी लागते."

तीन-चार वर्षांपूर्वी एक मुलगी आईबरोबर आली होती. वय सव्वीस, मे महिन्यात लग्न. एका मोटार कंपनीच्या नावानं फिरणारा सात दिवसांचा तक्ता तिच्या मोबाइलवर होता. पहिल्या दिवशी फक्त फळं, दुसऱ्या दिवशी फक्त भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध, असा. पहिल्या आठवड्यात तिचं चार किलो उतरलं होतं. मी सांगितलं, हे थांबव, मे पर्यंत आपण नीट खाऊन तीन-साडेतीन किलो उतरवू आणि ते टिकेल. आईला ते पटलं, मुलीला नाही. तिनं तो तक्ता पाठोपाठ तीनदा केला आणि मधल्या दिवसांत काकडी-गाजरावर काढले. हळदीच्या दिवशी चक्कर येऊन खाली बसली. सगळ्यांना वाटलं, उन्हाचं झालं.

ऑगस्टमध्ये ती एकटीच आली. पर्समधून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत केसांचा पुंजका होता, लिंबाएवढा. "हे आजच्या एका दिवसाचे," म्हणाली आणि रडायला लागली. हिमोग्लोबिन ८.९. आणि वजन? लग्नाआधी होतं त्यापेक्षा दोन किलो जास्त.

उपासमार झाली की शरीर आधी जीव सांभाळतं, केस नंतर. केसांची मुळं विश्रांतीत जातात आणि गळती सुरू होते ती दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे कुणाला संबंधच लागत नाही. लोक शाम्पू बदलतात, पाण्याला दोष देतात. शिवाय अशा डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन परत येतं ते मात्र बहुतेक चरबीचं. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो, आणि हे ती जाहिरात कधी सांगत नाही. त्या मुलीला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. मी दिलं ते साधं जेवण: सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ, संध्याकाळी फुटाणे, रात्री घट्ट वरण. केस सावरायला आठ महिने लागले.

माझा शिरस्ता असा. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. पाळीच्या आगेमागे एखादा किलो वर दिसला तर तो धरायचा नाही. आणि शिंपी वापरतात ती टेप घरात ठेवायची. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की पोटाच्या आतली चरबी वाढल्याची ती खूण मानतात. काटा अडलेला असताना टेप उतरते, हे मी कितीतरी जणांत पाहिलं आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी मी खूश असते.

"मला तोंडावर ताबाच नाही"

ही चूक खाण्यातली नाही, समजुतीतली आहे. पण ती ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दहा दिवस आठशे कॅलरींवर काढायचे, अकराव्या दिवशी लाडवांचा डबा संपवायचा आणि मग स्वतःला दूषणं द्यायची.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. हे तरुण स्वतःहून पुढे आलेले होते. त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी मिळत होत्या. तेवढ्यावर ही मुलं चिडचिडी झाली, त्यांना सतत थंडी वाजू लागली, डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय काही राहिलं नाही, काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. उपासमार संपल्यावर ते हावऱ्यासारखे जेवले. तुम्ही त्यांच्याहून निम्म्यावर राहता आणि मनाला दुबळं म्हणता. दोष त्या तक्त्याचा आहे. भुकेनं जागं राहावं लागेल असं कुठलंच जेवण मी लिहून देत नाही.

उपासानं वजन उतरतं

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. मूठभर साबुदाणा, दाण्याचं कूट, एक बटाटा आणि पळीभर तूप धरलं की खिचडीची एक बशी साडेचारशे-पाचशेच्या घरात जाते. पोळी, भाजी, वरण, ताक असं साधं जेवण त्याच हिशेबात होतं आणि संध्याकाळपर्यंत पोटाला आधार देतं. उपास श्रद्धेनं करा, माझ्या घरीही असतो. आम्ही वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं आणि ताक करतो. वेफर्स घरात येत नाहीत.

औषधाची गोळी तीच आणि जेवण निम्मं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून इथे मी कुणाचीच भीड ठेवत नाही. दिवसातून दोनच वेळा जेवायची पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रात घरोघरी नेली. सुरू करण्याआधी तपासण्या करून घ्या, असं त्यातच सांगितलेलं आहे. लोक मात्र व्हॉट्सॲपवर आलेलं अर्धं उचलतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी असंच केलं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी ते सकाळी आठला घेत, लगेच न्याहारी करत. शेजाऱ्याचं बघून त्यांनी न्याहारी सोडली, गोळी चालूच ठेवली. ही गोळी इन्सुलिन बाहेर काढते, पोटात अन्न असो वा नसो. साडेअकराला बँकेच्या रांगेत दरदरून घाम सुटला आणि ते कोसळले. साखर ४८ भरली. रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलाच्या दप्तरातली फ्रूटीची पेटी त्यांना पाजली, म्हणून निभावलं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांचं माप बदलून घ्या. वजन उतरायला लागल्यावरही पुन्हा जा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

भात सोडणं. तांदूळ आणि कणीक, १०० ग्रॅमला दोन्हींत ३५० च्या आसपासच कॅलरी. फरक पडतो तो दुसऱ्यांदा वाढून घेण्यानं.

पोटाचा पट्टा. घाम म्हणजे वितळलेली चरबी नाही. तहान लागून पाणी प्यालात की वजन जागेवर येतं. आणि पोटाचेच व्यायाम केल्यानं फक्त पोटाचीच चरबी जात नाही.

मध-लिंबू पाणी. आवडत असेल तर प्या. एक चमचा मधात वीसेक कॅलरी असतात, त्यानं काही जळत नाही.

दुधीचा कच्चा रस. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. आई भाजीला दुधी चिरताना आधी एक फोड चाखून बघायची, ती सवय सोडू नका. कडू लागला तर थुंका आणि सगळा टाकून द्या. मी तर सांगते, रस नकोच, भाजी करा.

चालून आल्यावर बक्षीस. गोल्फ क्लबच्या मैदानावर पाऊण तास झपझप चाललात तर दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात. बाहेर पडून तर्रीची मिसळ, दोन पाव आणि वर जिलबी खाल्लीत की त्याच्या कितीतरी पट आत गेल्या. चालायचं ते हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी. मिसळ महिन्यातून एकदा खा आणि मन लावून खा.

"सगळं करते तरी काटा हलत नाही"

तीन आठवडे काटा आणि टेप दोन्ही अडले की मी आधी तेलाचं विचारते. "आमच्याकडे तेल कमीच असतं," हे उत्तर ठरलेलं. मग मी महिन्याला किती पुडे येतात ते विचारते आणि हिशेब माणशी सव्वा-दीड किलोवर जातो. एका पळीत किती तेल मावतं हे आपण कधी बघितलेलंच नसतं. तीन चहाचे चमचे तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आपल्या फोडणीत ते कधी पडतात ते कळतही नाही. उपाय एकच सांगते. महिन्याच्या पहिल्या तारखेला माणशी अर्धा लिटर याप्रमाणे तेल वेगळ्या बरणीत काढा. महिना त्यातच काढायचा. पंधरा तारखेला बरणी बघितली की स्वयंपाक करणारीचा हात आपोआप आवरतो.

मग चहा. दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध घालून दिवसाला पाच कप झाले तर एका जेवणाच्या कॅलरी चहातच गेल्या. त्यानंतर प्रथिनं. पातळ वरणाच्या वाटीत डाळ फार थोडी असते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, ती उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतून आणावी लागतात. एवढं करूनही हलत नसेल, पाळी अनियमित असेल, थकवा जात नसेल, तर थायरॉइड तपासून घ्या.

गेल्या वर्षी एक बाई असंच अडलेलं वजन घेऊन आली होती. तेल मोजलेलं, चहा बिनसाखरेचा, थायरॉइड ठीक. मी तिला आठ दिवस वही ठेवायला लावली: तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहायचा, ताटातला असो वा नसो. आठव्या दिवशी आम्ही दोघींनी वही उघडली. धाकट्याच्या ताटातली अर्धी पोळी, थोरलीनं सोडलेला वरणभात, डब्यातून परत आलेला पराठा, रात्री पातेल्यात उरलेली खीर. "अन्न टाकवत नाही हो मॅडम," ती म्हणाली. टाकू नकोच, मी म्हटलं. आता ती मुलांना आधी निम्मंच वाढते, मागितलं तर पुन्हा देते. उरलेला डबा आला तर तो मुलगाच संध्याकाळी खातो. साडेचार महिन्यांत तिचं सहा किलो उतरलं, आणि परवा फोन आला तेव्हाही ते तिथेच होतं.