लाल-हिरवा नीट ओळखू येत नसेल तर वावरात अन घरात काय करायचं

मला लाल अन हिरवा भर उन्हात, जवळून पाहिलं तर कळते, पण दुरून किंवा संध्याकाळी बल्बच्या उजेडात दोन्ही मातकटच दिसते. तुमचंही असंच असेल तर सगळ्यात आधी फवारणीचं ऐका, बाकीकडे चुकलं तर टमाटर कच्चं निघेल, इथं जीवावर बेतते.

औषधाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असते, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहायचा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, अन हिरवा सगळ्यात कमी. म्हणजे आपल्याला जे दोन रंग सारखे वाटते त्यातलाच एक सगळ्यात जहाल! म्हणून कवटी अन हाडं शोधा, ती फक्त लालवाल्यावर असते. मी तर डबा घरी आणला की आधी पोरीला दाखवतो, ती सांगते तो रंग झाकणावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून टाकतो. हिरवा निघाला तरी हातमोजे अन मास्क सोडायचा नाही, ते पण विषच आहे, 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं काय झालं ते आपण पाहिलं आहे.

पऱ्हाटीवरचा (कपाशीवरचा) लाल्या, म्हणजे पानं लाल पडतात तो रोग, मला सुरुवातीला दिसतच नाही. एका साली बायको निंदायला आली अन म्हणाली, अहो पानं लाल पडली ना, मी त्याच ओळीतून दोनदा फिरून आलो होतो. तेव्हापासून आठ दिवसातून एकदा ती अन मी सकाळच्या उन्हात सोबत फिरतो, ती रंग पाहते, मी पान चुरगाळून पाहतो, कडा कडक झाल्या का ते हाताला कळते.

मोटरच्या तीन वायरींना तर रंगच विसरा. डीपी बंद करून वायरमनकडून एकीला टेपची एक पट्टी, दुसरीला दोन, तिसरीला तीन मारून घ्या, कारण दोन फेज उलटे लागले की मोटर उलटी फिरते अन पाणी चढत नाही. स्टार्टरच्या चालूच्या बटनावर पण टेपचा तुकडा चिकटवा, अंधारात बोटाला लागते.

टमाटर दाबून घ्या, सिग्नलला वरचा दिवा लाल हे पक्कं ध्यानात ठेवा. लायसनची भीती असेल तर 2020 मध्ये नियम बदलला, सौम्य अन मध्यम रंगांधळेपणा असलेल्याला मिळते, फक्त जास्त असलेल्याला नाही, तर डोळ्याच्या डॉक्टरकडून तपासून घ्या.

हे पोराला आईकडून येते, म्हणून पोरीच्या पोरांकडे लक्ष ठेवा. झाडाचं पान तपकिरी रंगवलं म्हणून रागवू नका, खडूवर रंगाचं नाव लिहून द्या अन बाईंना शाळेत जाऊन सांगून या.