पतसंस्थेत पैशांशिवाय प्रोत्साहन: या चुका टाळा

‘यंदा पगारवाढ जमणार नाही, निदान सन्मानपत्रं तरी देऊ’ असा सूर संचालक मंडळात निघाला की समजावे, सुरुवातच चुकली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली विभागणी इथे कामी येते. पगार, नोकरीची शाश्वती, कामाची जागा यांत उणीव राहिली की माणूस नाराज होतो. कामाची गोडी मात्र जबाबदारी, कामाची दखल आणि पुढे जाण्याची संधी यांतून लागते. पहिल्यातली उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. पगार उशिरा होत असेल किंवा दिवसअखेरीचा ताळा जमेपर्यंत थांबलेल्या रोखपालाच्या जादा वेळेची नोंदच होत नसेल, तर आधी ते मिटवा. नाहीतर सन्मानपत्राची टिंगल होते, आणि ती रास्तच असते.

सन्मान चुकीच्या आकड्याला

सर्वात महागात पडणारी चूक हीच. ‘सर्वाधिक कर्जवाटप करणारी शाखा’ अशी ढाल ठेवली की छाननी सैल होते. ‘सर्वात कमी थकबाकी’ला ठेवली की नवे-जुने सुरू होते: नव्या कर्जातून जुने थकीत कर्ज भरून घ्यायचे. खाते कागदावर नियमित दिसते आणि काही महिन्यांनी तीच थकबाकी आणखी फुगून समोर येते. बक्षीस रोख नव्हते, म्हणून धोका कमी होता असे मुळीच नाही. मानासाठीही माणसे आकडे सजवतात.

सन्मान जाहीर करण्यापूर्वी एक यादी काढाच. नवे कर्ज दिल्यापासून आठवडाभरात त्याच सभासदाचे किंवा त्याच्या जामीनदाराचे थकीत खाते बंद झाले आहे का? अशी खाती सापडली तर त्यांची कर्ज प्रकरणे उघडून पाहा.

मोजायचेच असेल तर हे मोजा: पहिल्याच छाननीत कागदपत्रे पूर्ण असलेली प्रकरणे, लेखापरीक्षणातील त्रुटी दूर करायला लागलेले दिवस, हप्ता चुकल्यावर पहिल्या आठवड्यात सभासदाशी झालेला संपर्क. आणि कमकुवत प्रकरण कारणे लिहून थांबवणाऱ्या लिपिकाचीही दखल घ्या. एरवी त्याच्या वाट्याला ‘अडवणूक करतो’ एवढाच शेरा येतो.

‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’

पाच-सहा जणांच्या शाखेत हा मान लवकरच पाळीपाळीने फिरू लागतो. बंद करा. त्याऐवजी काम घडल्यावर एक-दोन दिवसांत, नेमके काय केले ते सांगून दाद द्या: ‘धनादेशावरच्या सहीत फरक दिसताच तुम्ही पैसे देण्याआधी सभासदाला फोन केलात, हे योग्य केलंत.’ चारचौघांत बोलताना सभासदाचे नाव आणि रक्कम मात्र घेऊ नका.

जबाबदारी दिली, अधिकार नाही

‘शाखा तुमचीच समजा’ म्हणायचे आणि साध्या ठेव तारण कर्जालाही मुख्य कार्यालयाच्या होकाराची वाट पाहायला लावायची, याने माणूस खचतो. सुरुवात इथूनच करता येते, कारण तारण संस्थेकडेच असते. पोटनियमांत बसते का ते पाहा, मंडळाचा ठराव करा, कमाल रक्कम आणि ठेवीच्या किती टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायचे ते लेखी द्या. मंजूर प्रकरणांची यादी पुढच्या सभेत ठेवा आणि तीन महिन्यांनी मर्यादेचा फेरविचार करा. या काळात एखाद्या संचालकाने फोनवरून निर्णय फिरवला, तर अधिकार दिल्याचा सगळा परिणाम तिथेच संपतो. बदल हवा असेल तर तो लेखी आणि कारणासह व्हावा.

रजा बक्षीस म्हणून

जोडून रजा हे उत्तम प्रोत्साहन, पण बदली माणूस तयार नसेल तर परतल्यावर साठलेले काम हीच शिक्षा होते. किमान एकाला आधी ते काम शिकवा. रोखपालाच्या बाबतीत शिल्लक दोघांसमक्ष मोजून, चाव्यांच्या नोंदवहीत सह्या घेऊन पदभार द्या. सलग रजेचा आणखी एक फायदा असा की नोंदींतली लपवाछपवी दुसऱ्याच्या हाती काम गेल्यावर उघडी पडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ‘मी कधीच रजा घेत नाही’ म्हणणाऱ्याचे कौतुक करताना जरा थांबा. तारखा मात्र महिनाअखेर आणि लाभांश वाटपाचे दिवस टाळून ठरवा.

प्रशिक्षणाला तेच ते चेहरे

आंतरराष्ट्रीय सहकारी आघाडी या सहकारी संस्थांच्या जागतिक संघटनेने १९९५ मध्ये स्वीकारलेल्या सहकाराच्या सात तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण आणि माहितीचे आहे. त्यात सभासद, निवडून आलेले प्रतिनिधी आणि व्यवस्थापकांबरोबर कर्मचारीही येतात. निवड कशी केली ते सांगा, नाहीतर संचालकाच्या नातेवाइकाची वर्णी लागली असेच सगळे धरून चालतात. परतल्यावर महिनाभरात त्या विषयाचे एखादे काम सोपवा. वसुलीचे प्रशिक्षण घेऊन आलेला पुन्हा पासबुके छापत बसला, तर पुढच्या वेळी जायला कोणी हौसेने तयार होत नाही.

एवढे करूनही फरक दिसत नसेल तर

शाखानिहाय पाहा. एकाच शाखेत रजेचे अर्ज अडत असतील किंवा बदलीच्या विनंत्या वाढल्या असतील, तर दोष बहुधा योजनेत नसून शाखाधिकाऱ्याच्या वागण्यात असतो. कर्मचाऱ्यांचे मत निनावी चिठ्ठ्यांवर मागवू नका; छोट्या शाखेत अक्षरावरून माणूस ओळखू येतो. शाखेबाहेरच्या व्यक्तीने एकेकट्याशी बोलावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: कोणत्या कामात विनाकारण अडकता, आणि कोणता निर्णय स्वतः घेऊ शकाल?